गाळलेलं वाक्य

ताई,

मी वीस वर्षांची आहे. आई जन्मापासून कर्णबधिर, बाबांना ऐकू येतं. घरात आईची भाषा नीट येणारी मी एकटीच. बाबांना चार-पाच खुणा येतात: चहा, जेवण, पैसे, चल. मारहाण मी लहानपणापासून बघतेय. बाबा चिडले की आधी तिचं कानाचं मशीन काढून कपाटात ठेवतात आणि कुलूप लावतात. मग तिची दोन्ही मनगटं एका हातात धरतात. रात्री आधी लाईट घालवतात.

गेल्या महिन्यात आई स्वतःहून उठली आणि मला हाताला धरून पोलिस ठाण्यात घेऊन गेली. तिथं तिची भाषा कुणाला येत नव्हती. "तूच सांग, आई काय म्हणते," असं म्हणाले. आई सांगत गेली, मी बोलत गेले. मशीन, मनगटं, तव्याचा चटका, तिच्या शिवणाचे पैसे. मग तिनं रात्रीचं सांगितलं. तिला नको असताना. समोर जे हवालदारकाका लिहीत होते ते माझ्या मैत्रिणीचे वडील. मला ते शब्द तोंडातून काढताच आले नाहीत. मी म्हटलं, "रात्रीपण त्रास देतात." त्यांनी लिहिलं, त्रास देतात. एनसी (अदखलपात्र नोंद) झाली. बाबांना बोलावून समज दिली. आईची एका कागदावर सही घेतली, त्यात काय होतं ते मी वाचलं नाही.

बाहेर आल्यावर आईनं विचारलं, सगळं सांगितलंस ना? मी हो म्हटलं.

पंधरा दिवस घर शांत होतं. आता पुन्हा सुरू झालंय. आजी (आईची आई) म्हणते, मुक्या बाईला कोण सांभाळणार, मोडू नका घर. आईला घर सोडायचं नाहीये. मी तिची केस बिघडवली का? तिला खरं सांगू का?

— आईचा आवाज

*

बाळा,

आधी तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते. केस बिघडलेली नाही. गाळलेलं वाक्य पुन्हा घालता येतं. पोलिसांकडे त्यासाठी 'पुरवणी जबाब', म्हणजे आधीच्या जबाबाला जोडलेला जबाब, असतो. आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालच्या अहवालात तर त्या वाक्यासाठी छापलेली जागाच आहे, तिकडे येतेच. आईला खरं सांगायचं का? सांगायचं. कधी आणि कसं, ते शेवटी बोलू.

पत्राखालची तुझी सही मात्र मला पटली नाही. तुझ्या आईला आवाज आहे. घरातून निघून ठाण्यापर्यंत ती चालत गेली, बाकावर बसून एकेक गोष्ट क्रमानं सांगितली, अगदी शेवटची अवघड गोष्टसुद्धा. तिच्याकडे नव्हता तो दुभाषी. तो आणणं हे ठाण्याचं काम होतं. ते त्यांनी एका पोरीवर ढकललं, तेही जिच्या बापाविरुद्ध तक्रार चालू आहे अशा पोरीवर. त्या टेबलाशी बसून ते वाक्य तोंडातून निघालं नाही म्हणून तू स्वतःला कोसते आहेस. मी म्हणते, ते तुझ्या तोंडून निघायची वेळच यायला नको होती.

मी स्वतः या बाबतीत फार साळसूद नाही. समुपदेशनाचं काम सुरू केलं त्या पहिल्या वर्षी एका केंद्रात एक कर्णबधिर बाई आली होती, बरोबर सासू. मला खुणांतलं ओ की ठो कळत नव्हतं. सासू म्हणाली, "मला समजतं तिचं." मी सगळे प्रश्न सासूच्या तोंडाकडे बघून विचारले. त्या बाईचे हात दोन मिनिटं तरी चालले होते: मूठ, मग गळ्याशी बोटं, मग पोटाशी काहीतरी, मग दाराकडे हात. सासू म्हणाली, "काही नाही, सगळं ठीक आहे म्हणते." आणि मी वहीत लिहिलं, 'सगळं ठीक'. इतक्या हातवाऱ्यांचं एवढंसं भाषांतर कसं, हे मला त्या टेबलाशी खटकलंसुद्धा नाही. घरी जाऊन भाजी निवडताना खटकलं. ती बाई पुन्हा आली नाही.

तेव्हापासून माझा एक नियम आहे, तोच तुला देते: घरातल्या माणसानं पाणी मागून द्यावं, बसचं तिकीट काढून द्यावं, जबाबाला मात्र दुभाषी बसू नये. सासूनं नाही, बहिणीनं नाही, आणि लेकीनं तर नाहीच नाही.

यात तुझ्या जिवाचा प्रश्न आहेच, शिवाय खटला टिकण्याचाही आहे. राजस्थानातल्या एका खुनाच्या खटल्यात महत्त्वाची साक्षीदार ऐकू-बोलू न शकणारी स्त्री होती आणि तिच्या खुणांचा अर्थ तिच्या वडिलांनी कोर्टाला सांगितला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१२ साली न्यायालयानं म्हटलं, की अशी व्यक्ती साक्षीदार म्हणून पूर्ण विश्वासार्ह असू शकते. पण दुभाष्याला शपथ द्यायला हवी, प्रकरणात त्याचा हितसंबंध नसावा, आणि नुसता अर्थ नोंदवून भागत नाही, तिनं केलेल्या खुणाही नोंदवायला हव्यात. हे नीट झालेलं नव्हतं, आणि आरोपीची सुटका कायम राहिली. म्हणजे साक्ष होती, साक्षीदार खरी होती, पण तिचं बोलणं कागदावर आणायची रीत चुकली. उद्या बाबांच्या वकिलानं "मुलगी आईच्या बाजूची, तिनं मनाचं घातलं" म्हटलं, तर तुझ्याकडे काय उत्तर आहे? म्हणून आत्ताच यातून बाजूला हो.

आता त्या वाक्याबद्दल. तुला वाईट वाटेल, पण खरं ते सांगते: आपल्या देशात प्रौढ बायकोवर नवऱ्यानं केलेली जबरदस्ती हा फौजदारी कायद्यात बलात्कार धरला जात नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये तसा अपवाद अजून शिल्लक आहे. पण म्हणून ते वाक्य निरुपयोगी ठरत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लैंगिक छळ वेगळा मोजतो. त्या कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी जो 'घरगुती घटना अहवाल' भरतात (कचेरीत सगळे त्याला डीआयआरच म्हणतात) त्यात शारीरिक हिंसेनंतर लैंगिक हिंसेचा रकाना आहे, आणि त्यातली पहिलीच नोंद जबरदस्तीच्या शरीरसंबंधाची. पुढचे रकाने तोंडी-मानसिक छळाचे आणि आर्थिक छळाचे. शिवणाचे पैसे काढून घेणं त्यात येतं. तू जे हवालदारांपुढे उच्चारू शकली नाहीस ते तिथं छापलेलंच आहे. आईनं फक्त बोट ठेवायचं.

तेव्हा ठाण्याच्या आधी संरक्षण अधिकाऱ्याकडे जा. महिला व बालविकासच्या कार्यालयात चौकशी केलीस की तुमच्या भागाचं काम कुणाकडे आहे ते कळेल. जिल्ह्याच्या ठिकाणी 'सखी' वन स्टॉप सेंटर असेल तर तिथूनही अहवाल भरायला मदत होते. अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जातो. कायदा म्हणतो, पहिली तारीख शक्यतो तीन दिवसांच्या आत आणि निकाल साठ दिवसांत. प्रत्यक्षात हे दिवस किती ताणतात ते कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलेल्या कुठल्याही बाईला विचार. पण दरम्यानचा अंतरिम आदेश लवकर मागता येतो, वकिलानं तो पहिल्याच दिवशी मागावा. सुनावणी बंद खोलीत घ्या अशी विनंती करता येते. तुमचं गाव लहान आहे, करा. वकिलाचा खर्च नाही: जिल्हा किंवा तालुका विधी सेवा समितीकडून स्त्रियांना आणि दिव्यांगांना फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता. तुझी आई दोन्हींत बसते.

आणि घर? आईला घर सोडायचं नाही हे तू अडचण म्हणून लिहिलंयस. ती अडचण नाही. याच कायद्यानं तिला राहत्या घरात राहायचा हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. कोर्ट गरज पडली तर नवऱ्याला घराबाहेर राहायला सांगू शकतं. बाहेर पडायचं तर बाईनंच, हे आपण इतकं गृहीत धरून चालतो की कायदा उलटं म्हणतो हे सांगितलं की लोकांना विनोद वाटतो. तुझ्या आईसारख्या बाईचं तर सगळं त्या घराभोवती आहे: गिऱ्हाइकं, शिवणाची मशीन, समोरची दुकानदारीण जिला तिच्या खुणा आता सवयीनं कळतात. दुसऱ्या गावात नेऊन ठेवलं तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून उभं करायचं.

दुभाषी कुठून आणायचा हा पुढचा प्रश्न, आणि इथं खरी मेहनत आहे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ५० लाख ७१ हजार लोकांनी ऐकू न येण्याची नोंद केली होती. त्या मानानं प्रशिक्षित दुभाषे मूठभर, आणि बहुतेक मोठ्या शहरांत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, दिल्लीत २०१५ पासून भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. दोन्हीकडे लिहून विचारता येतं. जवळचा पर्याय म्हणजे जिल्ह्यातल्या कर्णबधिर शाळेतले विशेष शिक्षक. व्हिडिओवरूनही काम होऊ शकतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात दुभाष्यामार्फत, पडद्यावरून, आपली बाजू मांडली. देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टात जे चालतं ते तालुक्याला चालणार नाही असं कुणी म्हटलं तर हे उदाहरण सांग.

दोन गोष्टी आधी बघ. एक, कर्णबधिरांचं जग लहान असतं. आईच्या शाळेतल्याच बाई दुभाषी म्हणून आल्या तर आईला मोकळं वाटेल की कानकोंडं होईल, हे आईलाच विचार. पुष्कळ बायका त्याच भीतीनं गप्प राहतात, की आज इथं सांगितलं ते उद्या व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओवर जिल्हाभर फिरेल. परक्या जिल्ह्यातली बाई बरी वाटत असेल तर तसं मागा. दुसरं, आई तुझ्याशी बोलते त्यातल्या किती खुणा शाळेतल्या आणि किती घरच्या? तुम्ही मायलेकींनी वीस वर्षांत बनवलेल्या खुणा बाहेरच्या दुभाष्याला कशा कळणार? म्हणून जबाबाच्या आधी अर्धा तास आईला आणि दुभाष्याला नुसतं बसून बोलू दे, हवापाण्याचं. तेव्हा तू जवळ असलीस तर चालेल, घरच्या खुणांचे अर्थ सांग. जबाब सुरू झाला की ऊठ.

ठाण्यात दुभाषी मागताना कशाच्या आधारावर मागायचा, तेही सांगते, कारण "असं काही नसतं" हे उत्तर तयार असतं. लैंगिक गुन्ह्यांची फिर्याद दिव्यांग स्त्री देत असेल तर ती तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, दुभाषी किंवा विशेष शिक्षकासमोर घ्यायची आणि तिचं चित्रीकरण करायचं, ही सक्ती २०१३ च्या दुरुस्तीनं आली आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. नवऱ्याच्या छळाचं कलम, म्हणजे न्याय संहितेचं ८५, त्या यादीत नाही, हे खरं. पण दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम १२ सरळ म्हणतं, की दिव्यांग व्यक्तीचं म्हणणं तिच्या पसंतीच्या भाषेत आणि पद्धतीनं नोंदवायची सोय सरकारनं करायची. तिथं गुन्ह्यांची यादी नाही. कोर्टात साक्षीची वेळ आली तर साक्ष अधिनियमाचं कलम १२५ आहे: बोलू न शकणाऱ्या साक्षीदारानं लिहून किंवा खुणांनी सांगितलेलं तोंडी साक्षीइतकंच धरलं जातं. आकडे पाठ करू नकोस, कागदावर लिहून ने.

हा आग्रह का धरायचा? तुला माहीतच आहे, पण हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. पुष्कळांना वाटतं कर्णबधिर माणूस ओठ वाचतो, मग अडचण काय. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता म्हणा: बाबा, मामा, पापा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. आता मिशीवाले साहेब संगणकाकडे बघत "मामानं मारलं की बाबानं?" विचारतायत असं समजा. समोरची बाई मान हलवते. ती मान 'हो, तुम्ही काहीतरी विचारताय हे मला दिसतंय' अशी असते. कागदावर ती 'होय' होऊन उतरते. मग लिहायला सांगितलं, तर खुणांच्या भाषेचं व्याकरणच वेगळं. तिथं कोण कुणाला हे हाताच्या दिशेनं कळतं, विभक्तीच्या प्रत्ययानं नाही. प्रश्नाचा शब्द शेवटी येतो. ज्या बाईला मराठी लिपीतून, तीही अर्धीमुर्धी, शिकवली गेली ती लिहिते, 'नवरा मी मार तवा हात'. वाचणारा म्हणतो, कोण कुणाला मारतंय, हिचं हिलाच कळत नाही. तीच बाई खुणांनी हे सांगते तेव्हा तवा कुठल्या बाजूनं आला, हात कुठं होता, नवरा उभा होता की बसलेला, सगळं दिसतं.

आणि आपल्या जबाबांच्या शेवटी ते ठरलेलं वाक्य असतं ना, 'सदरचा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.' वाचून दाखवला! आईनं ज्यावर सही केली त्या कागदावर हे वाक्य असण्याची शक्यता मला फार वाटते. कदाचित 'माझी काही तक्रार नाही, आपसात मिटवले आहे' हेही. त्या कागदाची आणि एनसीची नक्कल मागून घे, हे तुझं पहिलं काम. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिस तिचा तपास करू शकत नाहीत. तुम्ही सांगितलंत त्यात कलम ८५ बसत होतं आणि ते पीडितेच्या तक्रारीवर दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तपासासाठी त्या आदेशाची वाट बघावी लागत नाही. 'मिटवलं' असं लिहिलं असलं तरी घाबरू नकोस. ज्या कागदावर ती सही झाली तो तिला तिच्या भाषेत समजावून सांगितलाच नव्हता, हे पुरवणी जबाबात पहिल्या ओळीत यावं.

कानाच्या मशीनकडे वळते. तू ते असं ओझरतं लिहिलंयस, जणू मारहाणीच्या आधीची तयारी. मला तो पत्रातला सगळ्यात मोठा मुद्दा वाटला. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ९२ मध्ये स्वतंत्र गुन्हा आहे: दिव्यांग व्यक्तीच्या अवयवाला, इंद्रियाला किंवा सहाय्यक साधनाला मुद्दाम इजा करणं किंवा त्याच्या वापरात अडथळा आणणं. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं आणि दंड. कानातून मशीन उपसून कपाटात कोंडणं यात चपखल बसतं. मनगटं धरून ठेवणं बसतं का, हे वकिलाला विचार. मी वकील नाही, पण कर्णबधिर बाईचे हात धरणं म्हणजे तिच्या तोंडात बोळा कोंबणं, हे जज्जांना पटवून देता येईल असं मला वाटतं. मशीनची पावती, योजनेतून मिळालं असेल तर त्याचा कागद, युडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत जपून ठेव. कानातला साचा तिच्याच कानाच्या मापाचा असतो, तो मोडला असेल तर फेकू नका, पुडीत बांधून ठेवा.

चटक्याचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस. डाग असेल तर उजेडात फोटो काढ आणि सरकारी दवाखान्यात दाखव. 'कसं भाजलं' या रकान्यात 'स्वयंपाक करताना' असं परस्पर लिहू देऊ नकोस. मुंबईजवळ असतीस तर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातल्या 'दिलासा'कडे जा म्हटलं असतं. हिंसाचार झालेल्या स्त्रियांसाठी रुग्णालयातच सुरू झालेलं देशातलं ते पहिलं केंद्र. तुमच्याकडे निदान केसपेपरवर खरं कारण यायला हवं.

रात्रीचं आता. लाईट घालवतात, हे तू एका ओळीत लिहिलंस. ती ओळ मी परत परत वाचली. ऐकू येणाऱ्या बाईला अंधारात निदान ओरडता येतं, 'नको' म्हणता येतं, पलीकडच्या खोलीतल्या मुलीला हाक मारता येते. तुझ्या आईची भाषा बटणावर आहे. बटण दाबलं की नकार दिसतही नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटलला १९८६ साली कर्णबधिर स्त्रियांनीच आपल्यासारख्या स्त्रियांसाठी संस्था काढली ती याच कारणानं: त्यांच्यावर होणाऱ्या हिंसेची काही तंत्रं ऐकणाऱ्यांच्या लक्षातच येत नाहीत. शेजाऱ्यांचंही तेच. आईच्या आवाजाची त्यांना सवय झालेली असते, 'मुकी ओरडतेय' म्हणतात आणि टीव्ही मोठा करतात.

म्हणून सध्यापुरतं: आईनं तुझ्या खोलीत झोपावं, निमित्त काहीही. उशाशी बॅटरीवर चालणारा दिवा, जो बोर्डावरून बंद होत नाही. तिच्या फोनमध्ये ११२ इंडिया अ‍ॅप घालून ठेव. १८१ वर, महिला हेल्पलाइनला, फोन करा, असं सांगणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, कुठल्या कानानं? अ‍ॅपमधून बटण दाबून मदत मागता येते. व्हिडिओ कॉलवर रोज बोलणाऱ्या तिच्या एखाद्या मैत्रिणीशी एक खूण ठरवून ठेवा. ती खूण दिसली की मैत्रिणीनं तुला आणि एका ऐकू येणाऱ्या माणसाला मेसेज करायचा. आधार, पासबुक, कार्ड यांचे फोटो दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये पाठवून ठेव. तिचं एटीएम बाबांकडे असेल तर बँकेत जाऊन ते बंद करा आणि नवं घ्या.

ठाण्यातून पुन्हा हात हलवत परत पाठवलं तर तहसीलदारांकडे जा. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ७ प्रमाणे कार्यकारी दंडाधिकाऱ्याला अशा हिंसेची माहिती दिली की त्यानं ती थांबवायची पावलं उचलायची असतात. आणि त्याच कलमात लिहिलंय की अशी तक्रार आलेल्या पोलिसानं हा रस्ता तक्रारदाराला स्वतःहून सांगायचा. तुम्हाला सांगितला नव्हता, हो ना?

आजीबद्दल थोडक्यात. तिच्यावर चिडू नकोस. कर्णबधिर मुलीचं लग्न जमलं तेव्हा तिनं सुटकेचा श्वास टाकला असेल, तो पुन्हा आत घ्यायची तिची तयारी नाही. पण "मुक्या बाईला कोण सांभाळणार" याचं उत्तर घरातच आहे. शिवण कोण करतं? वीजबिल कोण भरतं? तू लहान असताना तापात रात्रभर कोण जागलं? एक दिवस आजीला आईच्या शिवणाच्या मशीनशेजारी बसव आणि गिऱ्हाइकं मोजायला लाव.

आता आईला सांगायचं ते. दिवसा सांग, बाबा घरी नसताना. खिडकीकडे पाठ करून बसू नकोस, तुझ्या चेहऱ्यावर उजेड हवा. हे तुला मी सांगायला नको, पण अवघड बोलताना आपण आपोआप तोंड फिरवतो म्हणून सांगते. फोनवर लिहून पाठवू नकोस. लाज वाटली हे सांग, हवालदार कोण होते ते सांग. सफाई देऊ नकोस. ती रागावेल कदाचित, रागावू दे. तिच्या आयुष्यात किती लोकांनी तिचं बोलणं परस्पर आखूड केलं असेल याचा हिशेब नाही, आणि आता तूही.

पण मला एक वाटतं, चुकत असेन तर सोडून दे. तिला माहीत आहे. आयुष्यभर जी बाई लोकांच्या चेहऱ्यांवरून काम भागवते तिनं त्या टेबलाशी तुझा चेहरा पाहिला नसेल? तिचे हात इतका वेळ चालले आणि तुझे ओठ एवढेसे हलले, हे तिला दिसलं नसेल? बाहेर आल्याबरोबर "सगळं सांगितलंस ना" असं तिनं उगाच विचारलं नाही. तू हो म्हणालीस तेव्हा ती काय म्हणाली, हे तू पत्रात लिहिलं नाहीस. आठवून बघ.

आणि पुरवणी जबाबाच्या दिवशी आईबरोबर जा, पण आत बसू नकोस. बाहेर बाक असतो, तिथं बस. दार लावून घेतील. दुभाष्यामार्फत जबाबाला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागतो, म्हणून दोघींचा डबा आणि पाण्याची बाटली जवळ ठेव. आत काय चाललंय ते तुला कळणार नाही. कुणी बाहेर येऊन "जरा सांग गं, आई काय म्हणते" असं म्हणालं, तर "मला माहीत नाही" म्हण.